फोर बाय फोर असूनही गाडी चिखलात का अडकते? डिफरन्शियल लॉक आणि गिअरिंगचं साधं गणित

जुलै महिना. मलकापूरच्या पुढे, शेताकडे जाणारी तांबड्या मातीची वाट. नवीकोरी फोर बाय फोर गाडी चिखलात रुतलीय, एक चाक गरागरा फिरतंय, चिखल उडतोय आणि गाडी जागची हलत नाही. मग गावातून कुणीतरी वीस वर्षं जुना ट्रॅक्टर घेऊन येतं, दोर बांधतं आणि दोन मिनिटांत गाडी बाहेर! मोबाईलवर व्हिडिओ काढणारे हसतात, गाडीवाला ओशाळतो आणि रात्री 'इंजिनची पॉवर कशी वाढवायची' हे शोधत बसतो.

खरी गंमत इथेच आहे. त्या जुन्या ट्रॅक्टरच्या इंजिनाची पॉवर बहुतेक वेळा त्या गाडीच्या निम्मीही नसते. ट्रॅक्टरकडे वजन असतं, खोल नक्षीचे टायर असतात, हे खरंच. पण चालकाच्या टाचेजवळ एक छोटं पेडलही असतं. भाताच्या चिखलणीत एक चाक घसरायला लागलं की शेतकरी टाचेने ते पेडल दाबतो आणि मागची दोन्ही चाकं एकत्र फिरू लागतात. त्यालाच 'डिफरन्शियल लॉक' म्हणतात. लाखो रुपयांच्या अनेक गाड्यांमध्ये ही सोय नसते, आणि ज्यांच्यात असते त्यांच्या मालकांना ती कशी वापरायची हे बऱ्याचदा माहीत नसतं.

मलकापूर म्हणजे बुलढाण्याचं किंवा कराडजवळचं नव्हे, कोल्हापूर जिल्ह्यातलं, शाहूवाडी तालुक्यातलं. कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाताना सुमारे ४५ किलोमीटरवर हे गाव लागतं. पुढे एक रस्ता आंबा घाटातून साखरप्याला उतरतो, दुसरा अणुस्कुरा घाटातून राजापूरकडे जातो, आणि विशाळगड-गजापूरची वाटही याच भागात फुटते. वर जांभ्याचा सडा, खाली भाताची खाचरं, मध्ये चढउतार आणि वरून धो धो पाऊस. गाडीच्या डिफरन्शियलची आणि गिअरिंगची परीक्षा घ्यायला याहून चांगली जागा शोधावी लागणार नाही. वडापच्या जीपा या भागात वर्षानुवर्षं धावल्या, त्या उगाच नाही.

डिफरन्शियल असतं तरी कशासाठी?

गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्या चाकाला कमी. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवली तर वळणावर एक चाक फरफटणार, टायर झिजणार आणि स्टिअरिंग जड होणार. बैलगाडीत हा प्रश्न येत नाही, कारण तिथे चाकं आसावर आपापली फिरतात. पण इंजिनने चाकं फिरवायची म्हटलं की दोन्हींना जोर द्यायचा आणि तरी वेगवेगळ्या वेगाने फिरू द्यायचं, अशी दुहेरी अडचण येते. १८२० च्या दशकात ओनेसिफोर पेकर या फ्रेंच तंत्रज्ञाने वाफेच्या गाडीसाठी डिफरन्शियल वापरून ती सोडवली. आज आपल्या गाडीच्या मागच्या एक्सलच्या मधोमध जो फुगीर गोळा दिसतो, त्याच्या आत हेच यंत्र असतं. प्रॉपेलर शाफ्टच्या टोकाला पिनियन, ते फिरवतं मोठ्या क्राऊनला, आणि क्राऊनला जोडलेल्या पिंजऱ्यातले छोटे स्टार पिनियन दोन्ही बाजूंच्या एक्सल शाफ्टना जोर वाटून देतात.

हा जोर कसा वाटला जातो, यातच सगळी मेख आहे. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना नेहमी सारखाच जोर देतं. 'ज्या चाकाला पकड नाही त्याला सगळी ताकद जाते' असं सर्रास म्हटलं जातं, पण ते अर्धवट आहे. घसरणारं चाक फिरतं खरं, मात्र त्याला जोर लागतच नाही, कारण चिखल त्याला अडवत नाही. आणि त्याला जेवढा जोर लागतो तेवढाच दुसऱ्या चाकाला मिळतो. समजा डावं चाक चिखलात आहे आणि तिथली पकड ५० किलोचाच जोर सोसू शकते. उजवं चाक कोरड्या जांभ्यावर आहे, ते ४०० किलोने ढकलू शकलं असतं. तरी त्यालाही ५० किलोच मिळणार. एकूण झाले १००. गाडी हलायला २०० लागत असतील तर १०० हॉर्सपॉवरचं इंजिन असो की २०० चं, डावं चाक फक्त जास्त जोरात फिरेल.

म्हणजे पॉवर वाढवून काही होत नाही.

फोर बाय फोर केल्यावर हे सुटायला हवं ना? निम्मंच सुटतं. आपल्याकडच्या बहुतेक जीप प्रकारच्या गाड्यांत ट्रान्सफर केसचा लिव्हर टाकला की पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांना जोडले जातात. पण प्रत्येक एक्सलच्या आतलं डिफरन्शियल साधंच राहतं. खड्ड्यात गाडी तिरकी झाली, पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक हवेत किंवा चिखलात गेलं, की दोन्ही एक्सल एकेका चाकापायी लंगडे होतात. फोर बाय फोर गाडीची दोनच चाकं फिरत असतात, आणि तीही नको ती.

लॉकचे प्रकार: कुणाला काय परवडतं?

सगळ्यात सौम्य उपाय म्हणजे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल. यात क्लचच्या चकत्या किंवा खास आकाराचे गिअर असतात आणि ते चाकांच्या वेगातला फरक काही प्रमाणात दाबून धरतात. डांबरी रस्त्यावर याचा त्रास नाही, पण चाक पूर्ण हवेत गेलं तर भरवसा कमी.

दुसरा प्रकार नव्या गाड्यांत वाढलाय, तो ब्रेकचा. सेन्सरला एखादं चाक मोकळं फिरताना दिसलं की संगणक फक्त त्याच चाकाला ब्रेक लावतो. त्या चाकाला अडथळा आला की दुसऱ्याला आपोआप जोर मिळतो. मारुतीच्या जिम्नीत हीच पद्धत आहे. इथे बरेच जण एक चूक करतात. चाक घसरलं की घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडतात. तो सोडला की यंत्रणेला काम करायला जोरच उरत नाही. पाय हलका पण स्थिर ठेवला, तर एखाद्या क्षणाने गाडी उचल खाते. मात्र लांबलचक चिखलात ब्रेक तापतात, ही मर्यादा लक्षात ठेवायला हवी.

तिसरा प्रकार मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल. ईटन कंपनीचं हे यंत्र महिंद्राने २०१५ च्या थारमध्ये मागच्या एक्सलला दिलं. २०२१ मध्ये आलेल्या बोलेरो निओच्या एका प्रकारातही ते आहे, आणि ती गाडी तर फोर बाय फोरही नाही. बटण नाही, तार नाही. दोन्ही चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडला की आतली छोटी वजनं बाहेर फेकली जातात, खटका अडकतो आणि डिफरन्शियल पूर्ण लॉक होतं. गाडीचा वेग ताशी ३० किलोमीटरच्या आसपास गेला की ते लॉक होत नाही, म्हणजे घाटात भरधाव असताना अचानक काही होण्याची भीती नाही. लॉक होताना 'खट्' आवाज येतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला एक्सल तुटल्यासारखं वाटतं.

आणि शेवटचा, शौकिनांचा लाडका प्रकार म्हणजे हवा तेव्हा लावायचा, हवा तेव्हा काढायचा लॉकर. ऑस्ट्रेलियाच्या एआरबी कंपनीचा एअर लॉकर यात प्रसिद्ध. छोटा कॉम्प्रेसर, डॅशबोर्डवर बटण, आणि हवेच्या दाबाने दोन्ही शाफ्ट एकत्र बांधले जातात. तारेने किंवा विजेवर चालणारेही मिळतात. काम तेच, ट्रॅक्टरच्या पेडलचं.

याशिवाय एक 'जुगाड' गॅरेजमध्ये सुचवला जातो: स्टार पिनियन वेल्डिंग करून टाकायचे, म्हणजे कायमचा लॉक. खर्च जवळपास शून्य. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी हा सल्ला सरळ नाकारावा. पावसात आंबा घाटाच्या वळणावर अशी गाडी स्टिअरिंगचं ऐकत नाही, ती सरळ जाऊ पाहते. आणि तिथे सरळ म्हणजे दरी.

लॉकरचाही एक तोटा आहे, आणि विक्रेते तो सांगत नाहीत. आडव्या उतारावरून, म्हणजे एक बाजू वर आणि एक खाली अशा तिरक्या वाटेवरून जाताना साध्या डिफरन्शियलमध्ये एकच चाक घसरतं. दुसरं स्थिर राहून गाडीला जागेवर धरून ठेवतं. लॉक लावलेला असेल तर दोन्ही चाकं एकदम घसरतात आणि गाडीचा मागचा भाग उताराकडे सरकतो. शेवाळलेल्या जांभ्यावर हे फार पटकन होतं. त्यामुळे लॉक आधीपासून लावून ठेवायचा नसतो. सरळ रेषेत, अडथळ्याच्या तोंडाशी लावायचा आणि पार झालं की काढायचा. पुढच्या एक्सलचा लॉक लावून तर गाडी वळवणंच अवघड जातं.

आणखी एक गोष्ट. साध्या डिफरन्शियलमध्ये प्रत्येक शाफ्टवर निम्माच जोर येतो. लॉकमध्ये वेळप्रसंगी सगळा जोर एकाच शाफ्टवर येतो. कमकुवत शाफ्ट असलेल्या एक्सलमध्ये दणकट लॉकर बसवला तर तुटायची जागा फक्त बदलते.

आता गिअरिंग: जोर किती आणि किती सावकाश?

डिफरन्शियलचा लॉक ठरवतो जोर कुठे जाणार. तो किती असणार आणि गाडी किती सावकाश चालू शकणार, हे ठरवतं गिअरिंग. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि खर्चाचा घोळ इथेच होतो. चिखलात एक चाक फिरणाऱ्या गाडीचं गुणोत्तर बदलून उपयोग नाही. चढावर क्लच जाळणाऱ्या गाडीला लॉकर बसवूनही उपयोग नाही.

हिशेब सोपा आहे. पहिल्या गिअरचं गुणोत्तर, ट्रान्सफर केसच्या लो रेंजचं गुणोत्तर आणि क्राऊन-पिनियनचं गुणोत्तर, या तिघांचा गुणाकार करायचा. जो आकडा येईल तितक्या वेळा इंजिन फिरल्यावर चाक एकदा फिरतं. यालाच ऑफरोडवाले 'क्रॉल रेशो' म्हणतात.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण खुद्द जीपच्या जन्मकथेत आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबी जीपमध्ये पहिला गिअर २.६६५, लो रेंज १.९७ आणि क्राऊन-पिनियन ४.८८ होतं. गुणाकार येतो साधारण २५.६. युद्ध संपत आल्यावर १९४५ मध्ये विलीजने हीच जीप शेतकऱ्यांना विकायचं ठरवलं आणि सीजे-२ए काढली. शेतकऱ्याला पळायचं नव्हतं, नांगर ओढायचा होता. म्हणून कंपनीने गिअरिंग बदललं. पहिला गिअर २.८० च्या जवळ, लो रेंज २.४३, आणि क्राऊन-पिनियन ५.३८. नवा गुणाकार सुमारे ३६.६.

याचा परिणाम काय? इंजिन मिनिटाला १,००० फेऱ्या घेत असताना युद्धातली जीप ताशी पाच किलोमीटरच्या थोडी वर चालायची. शेतकऱ्याची जीप पावणेचारच्या आसपास, म्हणजे माणसाच्या चालीपेक्षाही जरा कमी. सावकाश, पण चाकावर जवळपास दीडपट जोर. नंतर १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्राने मुंबईत विलीज जीपांची जुळणी सुरू केली आणि तीच परंपरा आपल्या घाटरस्त्यांवर आली. गिअरिंग अपग्रेड हे आजच्या इन्स्टाग्रामचं फॅड वाटत असेल, तर ते कंपनीने स्वतः, शेतकऱ्यासाठी केलं होतं.

सावकाश चालण्याचा फायदा उतारावर जास्त कळतो. विशाळगडच्या बाजूची एखादी ओली कच्ची उतरण लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये उतरली, तर इंजिनच गाडीला धरून ठेवतं. ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्याची चाकं लॉक होऊन गाडी घसरते. मात्र डांबरी घाटात असा फोर बाय फोर टाकू नये. पुढचा-मागचा एक्सल घट्ट जोडलेला असताना कोरड्या डांबरावर वळलं, तर चाकांना घसरायला वाव नसतो आणि तो ताण ट्रान्सफर केस आणि शाफ्टवर साचतो.

मोठे टायर बसवले? मग हा हिशेब कराच

गिअरिंग बदलायची वेळ बहुतेकांवर येते ती टायरमुळे. २३५/७० आर १६ मापाच्या टायरचा व्यास सुमारे ७३५ मिलिमीटर. त्याजागी ३१ इंची टायर बसवला तर व्यास होतो ७८७, आणि ३३ इंची बसवला तर ८३८. म्हणजे अनुक्रमे ७ आणि १४ टक्के वाढ. तेवढ्याच प्रमाणात गाडीचं एकूण गिअरिंग 'उंच' होतं. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये चढणारी गाडी पहिला मागते, क्लच जास्त घासतो, ब्रेकला मोठं चाक थांबवावं लागतं. स्पीडोमीटरही खोटं बोलतो: काटा ६० वर असतो तेव्हा ३३ इंची टायरची गाडी ६८ च्या वेगाने धावत असते.

मूळ चाल परत मिळवायची तर जुन्या क्राऊन-पिनियनच्या गुणोत्तराला त्याच प्रमाणात वाढवायचं. समजा मूळ गुणोत्तर ४.१० आहे. ३३ इंची टायरसाठी ४.१० गुणिले १.१४, म्हणजे ४.६७. नेमकं हे गुणोत्तर बाजारात नसतं. मिळतात साधारण ४.५६ किंवा ४.८८. रोज कोल्हापूर-रत्नागिरी महामार्ग गाठणाऱ्याने ४.५६ घ्यावं, कारण इंजिन कमी ओरडेल आणि डिझेल कमी जाईल. ओझं आणि कच्ची वाट नेहमीची असेल तर ४.८८. वर जाण्यालाही मर्यादा आहे. ४.८८ म्हणजे उदाहरणार्थ क्राऊनला ३९ आणि पिनियनला ८ दात, ५.३८ म्हणजे ४३ आणि ८. त्याच आकाराच्या गोळ्यात गुणोत्तर वाढवायचं तर पिनियन बारीक होत जातं, आणि बारीक पिनियन लवकर तुटतं.

खर्च वाचवायला काही जण फक्त मागचंच क्राऊन-पिनियन बदलतात. फोर बाय फोर गाडीत ही सगळ्यात महाग पडणारी बचत आहे. पुढचं गुणोत्तर ४.१० आणि मागचं ४.८८ असेल, तर लिव्हर टाकताच दोन्ही एक्सल वेगवेगळ्या वेगाने धावायला बघतात आणि ट्रान्सफर केस त्या दोघांच्या ओढाताणीत मरतो. बदलायचं तर दोन्हीकडे, नाहीतर अजिबात नाही. म्हणूनच लॉकरही बसवायचा विचार असेल तर दोन्ही कामं एकदमच करावीत. गोळा एकदाच उघडतो, मजुरी एकदाच लागते.

काम कुणाकडून करून घ्यायचं?

कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर ओतकाम आणि लेथच्या कामासाठी नावाजलेलं आहे. शाफ्ट, बेअरिंगची सीट, जुन्या जीपचा न मिळणारा भाग, अशा कामांना इथे कारागीर सापडतात. पण क्राऊन-पिनियन बसवणं म्हणजे नुसतं नट खोलणं-आवळणं नव्हे. पिनियन किती खोल बसलंय, बेअरिंगवर आधीचा दाब किती, क्राऊन आणि पिनियनच्या दातांत 'प्ले' किती, हे मिलिमीटरच्या शंभराव्या भागात जुळवावं लागतं. बारीक शिम घालून-काढून हे साधतात. मग दातांना रंग लावून क्राऊन फिरवतात आणि रंगाचा ठसा दाताच्या मधोमध उमटतो का ते पाहतात. तो ठसा टोकाला किंवा मुळाला गेला तर काही महिन्यांत घरघर सुरू होणार, आणि नंतर दात.

म्हणून मेकॅनिकला एकच प्रश्न विचारावा: डायल गेज आहे का? 'आपला हात बसलाय' हे उत्तर आलं, तर दुसरं गॅरेज बघितलेलं बरं. काम झाल्यावर त्या ठशाचा फोटो मागून घ्यावा. नवी जोडी बसली की पहिले ७००-८०० किलोमीटर ओझं आणि वेग दोन्ही आवरते घ्यायचे. सुरुवातीला थोडं चालवून गोळा गार होऊ द्यायचा. त्यानंतर एक्सलचं तेल बदलायचं, कारण त्यात धातूचा चुरा उतरलेला असतो. नदी-ओढ्यातून गाडी नेली असेल तर तेल तपासणं आणखी गरजेचं. तापलेला गोळा गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी ओढलं जातं. दुधाळ चहासारखं तेल दिसलं तर ते ताबडतोब बदलावं. ब्रीदरची नळी बोनेटपर्यंत उंच नेणं हे या सगळ्यातलं बहुधा सगळ्यात स्वस्त अपग्रेड असेल.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. गोळ्याच्या आतलं गुणोत्तर पोलिसाला रस्त्यावर दिसत नाही, बाहेर आलेले टायर मात्र लांबूनच दिसतात. पण खरी अडचण अपघातानंतर येते, विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडीखाली वाकतो तेव्हा. त्यामुळे काम करण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी, दोघांकडून लेखी विचारून घ्यावं. गाडी वॉरंटीत असेल तर तिथेही विचारावं. या बाबतीत कंपनीनेच लॉक दिलेली गाडी घेणं कितीतरी निर्धोक.

आणि लॉकर आहे म्हणून कुठेही गाडी घालता येते असं नाही. शाहूवाडीचा बराच डोंगरी भाग वनखात्याकडे आहे. उत्तरेला चांदोली राष्ट्रीय उद्यान आहे आणि ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. परवानगीशिवाय तिथे गाडी नेणं हा वन्यजीव कायद्याखालचा गुन्हा आहे. जांभ्याच्या सड्यावर मातीचा थर बोटभर असतो आणि पावसाळी रानफुलं त्यातच उगवतात. लॉक लावलेल्या चार चाकांनी तो थर एका फेरीत निघून जातो.

खर्चाआधी हे करून पाहा

लॉकर, गिअरिंग यांच्या आधी हातात असलेली गोष्ट म्हणजे टायरची हवा. ३० पीएसआयवरून १८ पर्यंत उतरवली की टायर जमिनीवर लांबट पसरतो, आणि अडकलेली गाडी पुष्कळदा तेवढ्यावरच निघते. साध्या डिफरन्शियलच्या गाडीत हँडब्रेक मागच्या चाकांवर काम करत असेल, तर तो दोन-तीन खटके ओढून हळूच अ‍ॅक्सिलरेटर द्यावा. मोकळ्या चाकाला अडथळा मिळतो आणि दुसऱ्याला थोडा जोर पोचतो. जुन्या विलीज जीपमध्ये ही युक्ती चालत नाही, कारण तिथे हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या मागे, प्रॉपेलर शाफ्टवर असतो. तो ओढला तर दोन्ही चाकांना सारखाच अडवतो.

हवा उतरवली असेल तर डांबरी रस्त्याला लागल्यावर वेग घेण्याआधी ती पुन्हा भरावी लागते. १८ पीएसआयवर ६० च्या वेगाने धावलेला टायर तापतो, आणि वळणावर रिममधून निसटू शकतो. हातपंप किंवा बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर सीटखाली टाकून ठेवला की काम होतं.